कूस बदलण्याचं शास्त्र

आषाढातल्या पावसात शेवाळलेल्या अंगणात एखादी आजी पाय घसरून पडते आणि खुब्याचं हाड मोडतं. राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडी, गाव कुठलंही असो, गाडी कोल्हापुरातच येते. सीपीआर या सरकारी रुग्णालयात नाहीतर एखाद्या खासगी दवाखान्यात. घरच्यांचं सगळं लक्ष एक्स-रेकडे लागलेलं असतं. ऑपरेशन कधी, चालता येईल का, खर्च किती? वॉर्डातली सिस्टर मात्र आजींना अलगद कुशीवर वळवते आणि आधी पाठ बघते. माकडहाडाच्या वरची कातडी, खुबे, टाचा. हाड जुळायला काही महिने लागतील, पण पाठ काही तासांत बिघडू शकते, हे तिला ठाऊक असतं.

बेडसोर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, बाहेरून दिसते तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. कातडीखालच्या केशवाहिन्यांत, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत, रक्ताचा दाब जेमतेम 30 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं गेलं की त्या वाहिन्या मिटतात. शेतातल्या पाइपवर पाय ठेवावा आणि पुढच्या सऱ्या कोरड्या पडाव्यात, तसंच. 1959 साली मायकेल कोसियाक या अमेरिकी डॉक्टरनं कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की 60 मिलिमीटरचा दाब सलग 1 तास राहिला तरी ऊतींत सूक्ष्म बिघाड दिसू लागतो. पुढे उंदरांवरच्या प्रयोगात दाब दर 5 मिनिटांनी काढून घेतला, तेव्हा त्याच्या तिपटीहून जास्त दाबही ऊतींनी बऱ्यापैकी सोसला. म्हणजे दाब किती यापेक्षा तो किती वेळ टिकला, हे जास्त महत्त्वाचं. शिवाय खाटेची डोक्याकडची बाजू खूप उंच केली की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे सरकतं आणि मधल्या वाहिन्या ताणल्या जातात. त्यात ओल. जुलैत कोल्हापुरात चादरी दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि लघवीनं भिजलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर फाटते.

ही जखम टाळता येते की नाही, यावर मोठमोठ्या डॉक्टरांत वाद होता. 19व्या शतकात फ्रान्सचे प्रख्यात मेंदूविकारतज्ज्ञ शार्को म्हणत, की मज्जातंतूंना इजा झाली की अशी जखम होणारच, ती मृत्यूची चाहूल आहे. त्यांचेच समकालीन ब्राऊन-सेकार यांचं मत वेगळं होतं: दाब आणि ओल दूर ठेवा, जखम टळते. त्याच सुमारास लंडनमध्ये एका बाईनं याहून धारदार भूमिका घेतली. रुग्णाला बेडसोर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेलनी 1859च्या आपल्या नर्सिंगवरच्या पुस्तकात लिहिलं. वाचताना हा नर्सेसवरचा आरोप वाटतो. पण नर्सिंग हा व्यवसाय म्हणून उभा राहिला तो अशाच वाक्यांवर, असं मला वाटतं. ‘हे आमच्या हातात आहे’ असं म्हटल्याशिवाय ते मोजता येत नाही, आणि मोजल्याशिवाय सुधारता येत नाही.

मोजण्यात बाई पक्क्या होत्या. 1854च्या नोव्हेंबरात 38 जणींना घेऊन त्या क्रिमियन युद्धातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्या हिवाळ्यात मृत्यू उलट वाढतच गेले. 1855च्या वसंतात स्वच्छता आयोगानं गटारं उपसली, हवा खेळती केली, तेव्हा ते झपाट्यानं उतरले. युद्धानंतर त्यांनी सगळी आकडेवारी मांडली आणि दाखवून दिलं, की बहुतेक सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी गेले. लढाईतल्या जखमांनी त्यामानानं थोडे. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी त्यांच्या हातातला दिवा एवढा मोठा केला, की तक्ते अंधारातच राहिले. 1860मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा निघाली.

हे वारं आपल्या भागातही लवकर आलं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि तिथं नर्सेसही घडू लागल्या. कोल्हापुरात संस्थानकाळातलं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतंच. तेच आजचं छत्रपती प्रमिलाराजे, म्हणजे आपलं सीपीआर. देशपातळीवर शिक्षणाचा एकसारखा दर्जा ठरवणारा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा 1947मध्ये झाला, महाराष्ट्राचा नोंदणी कायदा 1966चा. 2023मध्ये संसदेनं 1947च्या कायद्याच्या जागी नवा आयोग आणणारा कायदा केला.

पण कायद्यानं पाठ वाचत नाही. ती वाचवण्याचा ठोस धडा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक जंतुसंसर्गानं दगावले होते. 1944मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांना दर 2 तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवायचा नियम घातला. माणसं जगू लागली.

नंतरचा अध्याय डोरीन नॉर्टन या नर्सचा. त्या काळात पाठ टिकवायला नाना उपाय चालत: स्पिरिट, मलमं, अंड्याचा पांढरा बलकसुद्धा. नॉर्टननी वृद्ध रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि 1962मध्ये निष्कर्ष मांडला. अंगाला काय चोळता यानं फारसा फरक पडत नव्हता. वारंवार कूस बदलण्यानं पडत होता. आपल्याकडे ‘बॅक केअर’ म्हणून स्पिरिट आणि पावडर चोळायची रीत पुढेही बरीच वर्षं चालली. लाल झालेला भाग रगडू नये, असं आता मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. नॉर्टननी धोका ओळखायची गुणपट्टीही बनवली: तब्येत, मनाची स्थिती, चालणं, हालचाल, मलमूत्रावरचा ताबा, प्रत्येकी 4 पर्यंत गुण. बेरीज 14 किंवा कमी आली की सावध व्हायचं. 1987मध्ये आलेली ब्रेडन पट्टी आज जास्त चालते. तिच्यात आहार आणि कातडीवरचं घर्षणही धरलंय.

मग 2 तास हा आकडा कुठून आला? बराचसा परंपरेतून. म्हणूनच 2013चा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिका आणि कॅनडातल्या 27 शुश्रूषागृहांत 942 वृद्धांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं 2, 3 आणि 4 तासांच्या गटांत वाटलं. तिन्ही गटांत जखमांचं प्रमाण जवळपास सारखंच आलं. हे वाचून घरी 4 तासांचा गजर लावू नका! ते सगळे दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर होते, आणि त्यांच्या कातडीवर बारीक लक्ष होतं. आपल्या दबलेल्या कापसाच्या गादीला तो निष्कर्ष लागू होत नाही.

आता हात किती लागतात ते बघा. समजा रात्रपाळीत दोन सिस्टर आहेत आणि वॉर्डात 10 जण स्वतःहून हलू न शकणारे. 8 तासांत प्रत्येकाला 4 वेळा वळवायचं, दोघींनी मिळून, दर वेळी 5 मिनिटं. झाले 200 मिनिटं, म्हणजे दोघींचेही 3 तास 20 मिनिटं. सलाईन, इंजेक्शनं, नवे रुग्ण, नोंदी वेगळ्याच. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिक्षण-रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1 आणि इतरत्र 5 मागे 1 असा आहे. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या गटानं 2014मध्ये युरोपातल्या 9 देशांच्या अभ्यासात दाखवलं, की नर्समागे 1 रुग्ण वाढला की ऑपरेशन झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसते. आपल्याकडे ही तूट खाटेखाली चटई टाकून झोपणारी लेक किंवा सून भरून काढते. तिला मात्र कुणी काही शिकवलेलं नसतं.

म्हणून डिस्चार्ज घेण्याआधी सिस्टरला एवढंच म्हणा, ‘चादरीनं कसं वळवायचं ते एकदा दाखवा.’ पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश पुरतात. नाहीतर सगळं वजन खुब्यावर येतं. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. मधोमध भोक असलेली हवेची रिंग दुकानात लगेच मिळते, पण ती भोवतालचा रक्तपुरवठा तोडते. त्यापेक्षा फोमच्या गादीची चौकशी करा. आणि सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. हाताच्या पाठीनं चाचपून बघा: शेजारच्या भागापेक्षा गरम लागतं का, कडक किंवा भुसभुशीत लागतं का, आजी कळवळतात का. तसं असेल तर त्या बाजूवर त्यांना निजवू नका, आणि दवाखान्यात फोन करा.