जुन्या देवळाच्या आतल्या रंगकामाआधी : नागपुरात परवानगी कोणाची, कागद कोणते

उत्सव महिन्यावर आला की विश्वस्तांच्या बैठकीत एक ठराव हमखास होतो: "गाभारा आणि सभामंडपाची रंगरंगोटी करणे." पेंटर ओळखीचा असतो, रंग कोणीतरी दान देतो आणि चार दिवसांत सागवानी खांब ऑइल पेंटने चकचकीत होतात. देऊळ वीस वर्षांचे असेल तर यात काही बिघडत नाही. पण महाल, इतवारी, शुक्रवारी या भागांत भोसलेकाळातली देवळे आहेत, सदरमध्ये ब्रिटिशकाळातली चर्चेस आहेत, जुन्या मशिदी आणि दर्गेही आहेत. तिथे हाच ठराव बेकायदा ठरू शकतो. महापालिकेच्या वारसा यादीतल्या इमारतीला आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय ज्या गोष्टी करता येत नाहीत त्यांत दुरुस्ती, नूतनीकरण, गिलावा आणि चक्क रंगकामही येते. "फक्त रंगच तर लावतोय" हा बचाव नियमाने आधीच बाद केला आहे.

आधी ठरवा, भिंत कोणाच्या अखत्यारीत

अर्ज लिहायला घेण्याआधी ही इमारत कोणत्या खात्यात पडते ते शोधायचे. शक्यता चार आहेत.

वास्तू केंद्राची संरक्षित स्मारक असेल, तर 1958 चा प्राचीन स्मारके कायदा लागू होतो. तिथे विश्वस्तांनी किंवा भक्तमंडळाने रंगाचा डबा आत नेण्याचा प्रश्नच येत नाही. पूजा चालू असली तरी जतनाचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातेच करते. तुम्ही त्यांच्या नागपूर मंडळाकडे काय खराब झाले आहे ते कळवायचे, एवढेच. स्मारकाला इजा केली किंवा त्यात फेरबदल केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. वास्तू राज्य संरक्षित असेल तर 1960 चा राज्याचा कायदा लागू होतो. पत्रव्यवहार पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नागपूर विभागाच्या सहायक संचालकांशी करायचा.

तिसरी शक्यता लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. तुमचे देऊळ स्वतः संरक्षित नाही, पण केंद्र संरक्षित स्मारकाच्या शेजारी आहे. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून 100 मीटर हा प्रतिबंधित पट्टा आणि त्यापुढचे 200 मीटर हा नियंत्रित पट्टा असतो. अंतर हद्दीपासून मोजतात, कळसापासून किंवा दारापासून नाही. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम होत नाही, मात्र असलेल्या इमारतीची दुरुस्ती व नूतनीकरण परवानगीने करता येते. छप्पर, गिलावा, फरशी यांना हात लागणार असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या पट्ट्यांतल्या परवानग्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो. कायद्यानुसार त्याने पंधरा दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत द्यायचे आणि मत आल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याने एका महिन्यात निर्णय द्यायचा. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी सुमारे चार महिने. उत्सवाची तारीख याच हिशेबाने धरावी.

चौथी, म्हणजे शहरात सर्वात जास्त आढळणारी शक्यता, ही की वास्तू महापालिकेच्या वारसा यादीत आहे. अर्ज नगररचना विभागामार्फत आयुक्तांच्या नावाने जातो, वारसा संवर्धन समिती तो तपासते आणि आयुक्त तिच्या सल्ल्यावर परवानगी देतात. यादीत नाव आहे का आणि श्रेणी कोणती, हे नगररचना विभागातून लेखी मागवून घ्या. तोंडी उत्तरावर काम सुरू करू नका.

श्रेणीने काय फरक पडतो

श्रेणी 1 असेल तर आत किंवा बाहेर, कुठेही हस्तक्षेप नाही. वास्तू बळकट करण्यासाठी आणि तिचे आयुष्य वाढवण्यासाठी जेवढे अत्यावश्यक, तेवढेच. श्रेणी 2 मध्ये आतले बदल बहुतांशी मान्य होऊ शकतात, कडक छाननी बाहेरच्या बदलांची होते. श्रेणी 3 मध्ये आतले-बाहेरचे दोन्ही बदल साधारणपणे मान्य होतात, पण मूळ स्वरूपाला बाधा येता कामा नये.

इथे माझे स्पष्ट मत सांगतो. नियमाची ही मांडणी रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखी आहे. कचेरी किंवा बंगला असेल तर त्याचे मोल दर्शनी भागात असते, आत फाइलींची कपाटे. देवळाचे नेमके उलटे. महालातल्या कितीतरी देवळांचा बाहेरचा भाग दुकानांच्या मागे दडलेला असतो. जे मोलाचे आहे ते सभामंडपाचे खांब, महिरपी, तुळयांवरचे कोरीवकाम आणि गाभाऱ्याची चौकट. म्हणून श्रेणी 2 ची आतली सवलत कागदावर असली तरी अर्ज श्रेणी 1 असल्यासारखाच करावा. समितीचे प्रश्न कमी येतात आणि भिंतही वाचते.

भिंतीवर काय दडले आहे हे आधी कोणालाच ठाऊक नसते. रामटेकच्या टेकडीवरचे केवल नरसिंह मंदिर वाकाटककालीन, पाचव्या शतकातले. तिथला शिलालेख 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, जतनाच्या कामात उजेडात आला. टेकडीवर दर्शनाला येणाऱ्यांची रीघ शतकानुशतके चालूच होती.

अर्जदार कोण

अर्जावर पुजाऱ्याची सही चालत नाही, कंत्राटदाराची तर नाहीच. सार्वजनिक न्यास असेल तर विश्वस्तांनी ठराव करून एकाला अधिकार द्यायचा. सर्वात जास्त अर्ज अडतात ते इथेच. ठरावावर सही करणारे विश्वस्त आणि धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट 1 वरची, म्हणजे न्यासाच्या नोंदणी उताऱ्यावरची नावे जुळत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे या नोंदीत बदल झाल्यापासून 90 दिवसांत बदल अहवाल द्यायचा असतो. प्रत्यक्षात अनेक न्यासांचा शेवटचा मंजूर अहवाल आधीच्या पिढीतला असतो आणि परिशिष्टावरचे निम्मे विश्वस्त भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंत सापडतात. तेव्हा परिशिष्ट 1 चा ताजा उतारा पहिल्याच आठवड्यात काढा.

देऊळ वाड्यातले, खासगी मालकीचे असेल तर आखीव पत्रिकेवर (शहरी मिळकतीच्या मालकीच्या उताऱ्यावर) ज्यांची नावे, त्या सगळ्यांची संमती लागेल. चर्चची मालमत्ता बहुधा धर्मप्रांताच्या न्यासाच्या नावावर असते, त्यामुळे स्थानिक मंडळीच्या समितीला धर्मप्रांताचे पत्र जोडावे लागते. सदरचे ऑल सेंट्स कॅथेड्रल घडवण्यात जी. एफ. बॉडली या इंग्लिश वास्तुविशारदाचा हात होता. अशा वास्तूत वेदीमागची भिंत कोणत्या छटेत हवी हे एकट्या समितीने हात वर करून ठरवायचे नसते. मशीद किंवा दर्गा असेल तर वक्फ नोंदणीचा उतारा, मुतवल्लीची (वक्फचा कारभार पाहणाऱ्याची) सही आणि वक्फ मंडळाशी झालेला पत्रव्यवहार जोडावा.

जोडायचे कागद

मालकीसाठी नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका घ्या. गावठाणाबाहेर ग्रामीण भागात असाल तर सातबारा. त्यासोबत न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट 1, ठरावाची सही-शिक्क्याची प्रत आणि मालमत्ता कराची चालू पावती. हे कागद कारकुनी आहेत, एका दिवसात गोळा होतात.

खरी मेहनत तांत्रिक कागदांची. सध्याच्या वास्तूचा मोजमाप घेऊन काढलेला नकाशा, आतल्या प्रत्येक भिंतीचे उभे आरेखन आणि त्यावर ओल, पोपडे, तडे, काजळी, जुने रंगीत थर कुठे आहेत याच्या खुणा. फोटो भिंतवार क्रमांक देऊन काढा, फोटोत मोजपट्टी दिसू द्या आणि तारीख टाका. माझ्या मते संपूर्ण फाइलमध्ये हा सर्वात मोलाचा कागद. परवानगी नाकारली गेली तरी तो उपयोगी पडतो, कारण भिंत आज कशी आहे याची दुसरी नोंद बहुधा कुठेच नसते.

त्यानंतर कामाची पद्धत. ही संवर्धन क्षेत्रातल्या वास्तुविशारदाकडूनच लिहून घ्या. मी मदत केलेल्या एका देवळाच्या पहिल्या अर्जात "सौंदर्यीकरण व आकर्षक रंगसंगती" असे शब्द होते. फाइल शेऱ्यासह परत आली. दुसऱ्या वेळी तेच काम "काजळी काढणे, सैल गिलावा स्थिर करणे, मूळ थराशी जुळणारा चुन्याचा हात देणे" असे मांडले आणि चर्चा पुढे सरकली. शब्दांची ही चलाखी नव्हती. दुसऱ्यांदा लिहिताना काम खरोखरच बदलले होते, मूळ यादीतला सोनेरी रंग गळाला होता.

पद्धतीच्या टिपणात चार गोष्टी याव्यात. पहिली, चाचणी: दर्शनी नसलेल्या कोपऱ्यात तळहाताएवढा चौकोन घेऊन थर एकेक करून, पायऱ्या दिसतील असे उघडायचे. त्यावरून मूळ रंग आणि मधले थर कळतात. रंगीत नक्षी किंवा चित्र सापडले तर काम तिथेच थांबवून समितीला कळवायचे, हे टिपणातच लिहावे. दुसरी, स्वच्छता: दिवे, कापूर, उदबत्ती यांची तेलकट काजळी कशाने काढणार? आम्ल, कॉस्टिक सोडा, रेतीचा मारा आणि पॉलिश पेपरची मशीन यांना ठाम नकार. तिसरी, साहित्य. जुनी भिंत चुन्याची असते, तिच्यातली ओल बाहेर पडत राहते. तिच्यावर ऑइल पेंट, प्लॅस्टिक इमल्शन किंवा सिमेंट पुट्टीचे कवच चढवले की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, लोणा लागतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत रंग गिलाव्यासकट गळून येतो. म्हणून नीट मुरवलेला चुना आणि त्यात खनिज रंग. गूळ, बेलफळ, हिरडा घालायची जुनी पद्धत कारागिराला येत असेल तर प्रमाण लिहून नमुना करून दाखवायचा. दगडी खांबांना मात्र कोणताच रंग नको. चौथी, ओलीचे मूळ. गच्चीची गळती, तुंबलेले पन्हाळे, अभिषेकाचे पाणी भिंतीत मुरणे हे आधी थांबवले नाही तर कोणतीही पद्धत निरुपयोगी.

रासायनिक तपासणी हवी असेल तर लखनऊची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळा याच कामासाठी आहे. इमारतीच्या मजबुतीची शंका असेल तर शहरातच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या जाणकारांचा सल्ला घ्यावा.

पैसे आणि ठेका

अंदाजपत्रक चौरस फुटावर मागू नका. चौरस फुटाचा दर म्हणजे जितके लवकर खरवडाल तितका फायदा. चाचणी, स्वच्छता, गिलावा, शेवटचा हात अशा टप्प्यांवर पैसे ठरवा आणि प्रत्येक टप्प्याला वास्तुविशारदाचा दाखला घ्या. न्यासाला कोणा सराफासारख्या खासगी व्यक्तीकडून कर्ज काढायचे असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, ते हातउसने असले तरीही.

देणगीदार 80जी, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकर वजावट, विचारतात. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे म्हणून केंद्राने राजपत्रात अधिसूचित केलेल्या मंदिर, मशीद, चर्च किंवा गुरुद्वाराच्या दुरुस्तीसाठीच्या देणगीला निम्म्या रकमेची वजावट आहे, तीही उत्पन्नाशी निगडित मर्यादेत. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीत धरत नाहीत. तुमचे देऊळ अधिसूचित आहे का हे न पाहता पावतीवर 80जी छापू नका.

अजून एक, भंगाराबद्दल. काम चालू असताना जुनी कोरीव फळी, कीर्तिमुख, रंगीत काच असे काही निघते आणि "कुजलेले आहे" म्हणून विकले जाते. इमारतीतून सुटी झालेली वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत बसते, आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. निघालेल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन न्यासाच्या नोंदवहीत चढवा.

केव्हा अर्ज करावा, काम संपल्यावर काय

चुन्याचे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावे. पावसाळ्यात भिंत सुकत नाही आणि आपल्या मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की चुना जमण्याआधीच कोरडा पडून भुगा होतो. त्यामुळे अर्ज उन्हाळ्यातच आत गेला पाहिजे. परवानगीपत्रातल्या अटी मराठीत टाइप करून सभामंडपात लावा, म्हणजे परांचीवरचा कारागीरही वाचेल आणि उत्साही वर्गणीदारही.

काम संपल्यावर आधीच्याच क्रमांकांनी, त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा, वापरलेल्या साहित्याची यादी जोडा आणि पूर्तता अहवाल परवानगी देणाऱ्या कार्यालयात देऊन पोच घ्या. थर उघडलेला तो तळहाताएवढा चौकोन मात्र तसाच ठेवा, त्यावर हात फिरवू नका. तो कोणत्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे अहवालात नोंदवा. पुढच्या रंगकामाला येणारा माणूस सर्वात आधी तोच शोधेल.