ओझं किती, यापेक्षा ते कुठे: लांब ट्रेल रनला पाणी नेण्यामागचं शास्त्र

कोल्हापूरच्या रंकाळ्याला फेऱ्या मारायच्या असतील तर पाण्याची बाटली घरी ठेवली तरी चालतं. विद्यापीठाच्या परिसरात तासभर पळून येणाऱ्याचंही पाण्यावाचून काही अडत नाही. पण ट्रेल रनला, म्हणजे डोंगरवाटेवर पळायला निघून, पन्हाळा ओलांडून मसाई पठारावर पाय पडला की हिशेब पार बदलतो. वर सगळा उघडा, सपाट जांभा. सावलीला झाड शोधावं लागतं. पावसाळ्यात याच पठारावर जागोजागी डबकी साचतात आणि पाऊस सरला की आटून जातात. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो आत जिरवतो. खाली चिकणमातीसारखा थर लागला की ते पाणी अडतं आणि पठाराच्या कडेला, उताराच्या पोटातून झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून माणसांची वस्ती बहुतेक करून उताराच्या अंगाला सापडते. उन्हाळ्यात माथ्यावर पाणी मिळेल असं धरून कुणी निघू नये. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर खोतवाडी, करपेवाडी, पांढरपाणी अशी गावं-वाड्या लागतात; आपल्या वेगाने एका खात्रीच्या पाण्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ लागतो, यावर पाठीवर किती पाणी हवं ते ठरतं. एकूण किलोमीटर किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता तेवढ्या वेळात शरीराला लागतं किती? सपाटीवर पळताना शरीराच्या दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६५ किलोचा माणूस तासाला ८ किलोमीटर पळाला तर ५२० किलोकॅलरी. यातली जेमतेम पाव हिस्सा ऊर्जा स्नायूंच्या कामी येते, बाकीची उष्णता होते. म्हणजे तासाला ४०० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता बाहेर टाकायची. १ लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबाने पाऊण लिटरच्या आत भागायला हवं. पण घाम वाळला तरच गारवा मिळतो. हनुवटीवरून टपकून मातीत पडलेल्या थेंबाने शरीर थंड होत नाही. एप्रिलच्या कोरड्या दुपारी घाम आल्या आल्या उडून जातो आणि आपल्याला कळतही नाही. जूनमध्ये हवा ओलीगच्च असते, घाम वाळत नाही, म्हणून शरीर तो आणखी गाळत राहतं. हवा गार वाटते म्हणून पावसाळ्यात पाणी कमी न्यायचं, ही समजूत इथेच फसते.

आपला आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. निघण्यापूर्वी कपडे काढून वजन करा, तासभर पळा, अंग कोरडं पुसा आणि पुन्हा वजन करा. समजा वजन ६५ वरून ६४.२ किलो झालं आणि मधे ४०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर घाम गेला १.२ लिटर. हे एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात करून बघावं. मात्र गेलेला घाम थेंब न् थेंब भरून काढायचा हट्ट नको. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शेवटच्या रेषेवर तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं निघालं, आणि त्यामागचं मोठं कारण होतं गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. तहान लागेल तसं पीत राहणं हा साधा नियम बहुतेकांना पुरतो. पाणी जवळ असलं पाहिजे. ते संपवलंच पाहिजे असं नाही.

आता ओझ्याकडे येऊ. १९८० साली रिचर्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर, कुत्री, घोडे आणि माणसं यांना पाठीवर वजन देऊन ट्रेडमिलवर पळवलं. शरीराच्या वजनाच्या जितके टक्के ओझं वाढलं, जवळपास तितकेच टक्के ऊर्जेचा खर्च वाढला. ६५ किलोच्या माणसाने २ किलो पाणी-सामान घेतलं तर खर्च ३ टक्क्यांनी वाढेल. ५० किलोमीटरच्या धावेत हे दीड किलोमीटर जास्त पळण्यासारखं झालं. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो छोटा आहे. १ लिटर पाणी वाचवून कमावण्यासारखं फारसं काही नाही, आणि गमावण्यासारखं भरपूर आहे.

हेच वजन पायात गेलं की मात्र गणित उलटतं. पाऊल दर ढांगेला मागून पुढे भिरकावावं लागतं आणि पुन्हा थांबवावं लागतं, म्हणून बुटात १०० ग्रॅम वाढले की खर्च साधारण १ टक्क्याने वाढतो. जुलैत बांधावरून एक शेत ओलांडा आणि बुटाचा तळ बघा: खाचांमध्ये चिखल, वर गवताचा लगदा, आत भिजलेला मोजा. प्रत्येक बुटाला ३०० ग्रॅम चिकटले असतील, तर पाठीवरच्या त्या २ किलोंइतकाच भुर्दंड पायांत बसला. पावसाळ्यात सामान कमी करायला बसण्याआधी चिखल न धरणारा, पाणी लगेच सोडणारा बूट निवडावा आणि वाटेत दगड दिसला की त्याचा तळ खरवडून घ्यावा.

आणि आता यातला सगळ्यात मोलाचा भाग: ओझं हलतं कसं. पळताना धड दर पावलाला ६ ते १० सेंटिमीटर वर-खाली होतं, आणि मिनिटाला १७० पावलं म्हटली तर सेकंदाला जवळपास तीनदा. पाऊल टेकतं तेव्हा जमिनीकडून मिळणारा रेटा शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट असतो. छातीला घट्ट बसलेली अर्ध्या लिटरची बाटली त्या क्षणी सव्वा किलोची होते, पण शरीराबरोबर होते. सैल बाटलीचं तसं नसतं. शरीर खाली जातं तेव्हा ती मागे राहते, आणि शरीर वर उसळत असताना वरून येऊन आदळते. प्रत्येक लोंबत्या वस्तूला स्वतःची एक लय असते. पट्टा जितका सैल आणि वजन जितकं जास्त तितकी ती लय संथ. ही लय पावलांच्या लयीजवळ आली की हिंदोळा वाढत जातो. भौतिकशास्त्रात याला अनुनाद म्हणतात. खांदे सोलवटणं, कंबर दुखणं, श्वास तुटणं, यातलं बरंचसं दुखणं वजनापेक्षा या हिंदोळ्यातून येतं.

यातून सुटायच्या वाटा दोन. एक, ओझं इतकं घट्ट बांधायचं की त्याची लय पावलांच्या कितीतरी वर जाईल. दुसरी, ते इतकं मऊ टांगायचं की शरीर वर-खाली होत राहील आणि ओझं जवळजवळ एका पातळीत तरंगेल. दुसरी वाट आपल्याकडे कावडीच्या रूपाने पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे: लवचिक बांबू, दोन टोकांना दोन घागरी. १९९१ मध्ये रॉजर क्रॅम यांनी खांद्यावर लवचिक काठ्या आणि त्यांना वजनं बांधून माणसांना पळवलं. ऊर्जेची बचत झाली नाही, पण खांद्यावर बसणारा कमाल दाब घटला. पुढे २००६ मध्ये लॉरेन्स रोम यांच्या गटाने रबरी दोऱ्यांवर तरंगणारी सॅक बनवली, तेव्हा चालताना ऊर्जासुद्धा वाचली. डोक्यावरच्या घागरीची कथा वेगळी. केनियातल्या लुओ स्त्रिया डोक्यावर, आणि किकुयू स्त्रिया कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने पाठीवर, शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं घेऊन जादा ऊर्जा न खर्चता चालतात, असं १९८६ मध्ये मोजलं गेलं. पण तो किफायतशीरपणा चालण्याचा आहे. चालताना शरीर उलट्या लंबकासारखं झुलतं आणि त्या झोक्यातली ऊर्जा त्या स्त्रिया फार कमी वाया घालवतात. पळताना हा लंबकच उरत नाही. डोंगरवाटेवर झाडाझुडपांतून कावड नेता येत नाही, रबरी सॅक आपल्या बाजारात मिळत नाही. म्हणून धावणाऱ्यासाठी पहिलीच वाट उरते: घट्ट, अंगासरशी, आणि शक्यतो धडाच्या मध्यभागी.

या कसोटीवर बाजारातल्या पर्यायांकडे बघितलं की निवड बरीच सोपी होते. हातातली बाटली छोट्या धावेला चांगली, कारण पाणी डोळ्यांपुढे असतं आणि पिणं राहून जात नाही. पण हात उगीच हलत नसतात. पायांमुळे धडाला बसणारा पीळ ते सोडवतात. अरेलानो आणि क्रॅम यांच्या २०१४ च्या प्रयोगात हात पाठीमागे धरून पळणाऱ्यांचा खर्च ३ टक्क्यांनी वाढला, आणि डोक्यावर धरल्यावर १३ टक्क्यांनी. एकाच हातात अर्धा किलो धरलं की हा तोल एका बाजूने बिघडतो. शिवाय घसरड्या उतारावर हात मोकळे हवेत, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

कमरेच्या पट्ट्यात मोबाइल, किल्ली, चिक्की ठीक. भरलेली बाटली नको: ती हलू नये म्हणून पट्टा इतका आवळावा लागतो की पोटाने श्वास घेणं अवघड होतं, आणि कंबर दर पावलाला वळत असल्याने ती तरीही हलतेच.

पाठीवरच्या नळीवाल्या पिशवीचा, म्हणजे ब्लॅडरचा, जन्म टेक्सासच्या उन्हातला. १९८९ मध्ये विचिटा फॉल्सच्या १०० मैलांच्या सायकल शर्यतीत मायकल आयडसन यांनी सलाइनची पिशवी मोज्यात घालून जर्सीच्या पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्यातून पुढे कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. दीड-दोन लिटर नेण्यासाठी आजही याला तोड नाही. फक्त ती भरल्यावर आतली हवा काढायला हवी. झाकण लावून पिशवी उलटी धरा, हवा वर नळीच्या तोंडाशी जमते. नळीत पाणी येईपर्यंत ती चोखून काढा. हवेला जागा राहिली नाही की पाण्याला डचमळायला जागा राहत नाही. अर्धी रिकामी कडक बाटली नेमकी इथेच मार खाते. मऊ फ्लास्क, म्हणजे दाबली जाणारी लवचिक बाटली, पिता पिता स्वतःच आकसत जातो.

ब्लॅडरची अडचण पाठीची आहे. २०११ मध्ये ब्रिटनच्या लफबरो विद्यापीठात शरीराच्या कुठल्या भागाला किती घाम येतो याचा नकाशा काढला, त्यात पाठ सगळ्यांत वर होती. नेमका तोच भाग आपण पिशवीने झाकतो. म्हणून माझं मत असं: अंगासरशी जाळीदार वेस्ट, म्हणजे बंडीसारखी घालायची कप्प्यांची पिशवी, छातीवर अर्ध्या-अर्ध्या लिटरचे दोन मऊ फ्लास्क, आणि पाठीचा ब्लॅडर फक्त डिसेंबर ते मेच्या कोरड्या दिवसांत, जेव्हा दोन पाण्यांमधलं अंतर दोन तासांवर जातं. एका फ्लास्कमध्ये साधं पाणी, दुसऱ्यात ओआरएस. १ लिटरच्या पाकिटात २०.५ ग्रॅम मिश्रण असतं. त्यातलं सोडियम आणि ग्लुकोज आतड्यातून जोडीने आत शिरतात आणि पाण्याला ओढून नेतात. ब्लॅडरमध्ये मात्र साखरेचं काही घालू नये, नळीत बुरशी धरते. बळासाठी आपला गूळ आहेच. शेंगदाण्याबरोबर तो सावकाश चघळता येतो.

वेस्ट विकत घेताना दुकानात फ्लास्क भरून मागा, घालून जागच्या जागी उड्या मारा, आणि पट्टे आवळल्यावर पूर्ण खोल श्वास घेता येतो का ते बघा.

उरलेल्या सामानात एका वस्तूबद्दल मी हट्टी आहे: वारा अडवणारं जाकीट. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारपीट आणि झंझावात सुटला आणि थंडीने २१ धावपटूंचा जीव गेला. तिथे असं जाकीट सोबत असणं सक्तीचं नव्हतं. कोल्हापुरात बर्फ पडत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. पाणी हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि भिजलेल्या टी-शर्टवर पठाराचा वारा लागला की पळणाऱ्याला काही जाणवत नाही. पाय मुरगळून थांबलेला माणूस मात्र अर्ध्या तासात कुडकुडू लागतो. पावसाळ्यात जाकीट सगळ्यात वर ठेवावं. शिट्टी छातीच्या पट्ट्याला, चमकदार फॉइलचं ब्लँकेट आणि हेडटॉर्च पाठीच्या कप्प्यात. वजन नगण्य, आणि हलत काहीच नाही.

वाटेत पाणी भरायचं तर पावसाळ्यातल्या ओढ्याच्या खळखळाटावर विसंबू नये. वर गुरं चरतात, खाली भातखाचरं असतात, आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जनावरांच्या मूत्रातून अशा पाण्यात उतरतात. गावातला नळ किंवा वापरातली विहीर सापडली तर उत्तमच. नाहीच सापडली, तर पाणी रुमालातून गाळून क्लोरीनची गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावं. दोन फ्लास्क असले की त्यासाठी थांबायची गरज पडत नाही: एकात गोळी टाकून दुसऱ्यातलं पीत पुढे निघायचं, आणि टोपणावर पेनाने वेळ लिहून ठेवायची.