झेंडू

झेंडू : (क. चेंडु हूवु, हिं. गेंदा, ते. बंती, लॅ. टॅजेटस इरेक्टा, कुल–ॲस्टरेसी). दसरा-दिवाळीच्या तोरणांत आंब्याच्या पानांबरोबर ओवले जाणारे पिवळे-केशरी फूल व त्याची वर्षायू वनस्पती. बुटकी, तांबूस छटेची मखमल ही याच प्रजातीतील वेगळी जाती (टॅ. पॅट्युला).

मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. भारतात ती बहुधा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकरवी आली असावी. शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले.

मराठी नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. काही जण ते संस्कृत ‘झण्डू’वरून आल्याचे मानतात, पण वनस्पतीच मुळात अमेरिकेतली असल्याने तो शब्द देशी बोलींतून उत्तरकालीन संस्कृतात गेला असणे अधिक संभवते. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी-कन्नड दुभाषी पट्ट्यात दुसरे मत, म्हणजे नाव ‘चेंडू’वरून आले हे, सहज पटते. कन्नड ‘चेंडु’ म्हणजे चेंडू. मराठीतही शब्द तोच. हिंदी ‘गेंदा’मागे गेंद आहे, तेलुगू ‘बंती’चा अर्थही चेंडूच. ‘च’चा ‘झ’ कसा झाला हे स्पष्ट करावे लागते खरे, तरी चार भाषांनी गोल आकारच पाहिला ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. बाजारात मराठी गिऱ्हाइकाने ‘झेंडू’ म्हटले काय नि विक्रेतीने ‘चेंडहू’ म्हटले काय, माप एकाच ढिगातून पडते.

ज्याला आपण एक फूल म्हणतो तो अनेक पुष्पकांचा (बारीक फुलांचा) स्तबक म्हणजे गुच्छ असतो. वाळलेला झेंडू हिरव्या पेल्यातून उपसला, की पाकळ्यांच्या बुडाशी सुईसारखी काळी फळे दिसतात. पेरायचे ‘बी’ ते हेच. दाट फुलात जिभेसारखी किरण-पुष्पकेच जास्त असतात. पाने चुरगळल्यावर येणारा उग्र वास तैलग्रंथींचा.

खंडेनवमीला विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सर्वांना झेंडू वाहतात. दसऱ्याला फुले हवीत म्हणून रोपे जुलै-ऑगस्टमध्ये लावतात. शेंडा खुडला की फुटवे वाढतात. मुळांतील अल्फा-टरथायेनिल हे द्रव्य सूत्रकृमींना (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींना) मारक असल्याने टोमॅटोच्या फडात झेंडू लावणे फायद्याचे ठरते. टोमॅटोची फळे पोखरणारी घाटेअळीही त्याच्या फुलांकडे ओढली जाते. पाकळ्यांतील ल्युटीन कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, त्याने अंड्याचा बलक गडद होतो.

बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या ‘अर्का बंगारा’ या वाणाच्या नावात कन्नड ‘बंगार’, म्हणजे सोने, आहे. देशी झेंडूचे बी मात्र अजूनही दसऱ्याच्या सुकल्या हारातून परड्यात पडते आणि पावसाळ्यात आपोआप उगवते. संकरित फुलाचे बी धरले तर पुढच्या वर्षी फूल तसेच येत नाही.