तलावाचं वर्ष आणि अकरा महिन्यांची ऑर्डर

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या एखाद्या मामा तलावात जेसीबी उतरला की गावाला बरं वाटतं. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजातल्या मंडळींनी बांधलेले हे तलाव १९५० नंतर, मालगुजारी ही सारावसुलीची जुनी पद्धत गेल्यावर, सरकारकडे आले.) गाळ शेतात जातो, पाणी जास्त साठतं. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत हेच चाललंय.

पण तो गाळ नुसती माती नसतो. कमळाचे कंद, शिंगाड्याचं आणि देवधानाचं (रानभाताचं) बी त्यातच उन्हाळा काढतं. तळ परातीसारखा सपाट खरवडला की हे सगळं ट्रॉलीतून बांधावर जातं. मोकळ्या काठावर मग बेशरम नावाची झुडपी वनस्पती येते. जनावरं तिला तोंड लावत नाहीत आणि तुटलेल्या कांडीलाही मुळं फुटतात. म्हणजे जेसीबीनं नुसती तोडून तिथंच टाकली, तर ती लावल्यासारखंच झालं!

रोहू-कटला साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांचं बीज विकत आणून सोडावं लागतं. मरळ या माशाचं तसं नाही. ती उथळ काठाच्या गवतात घरटं करते आणि लालसर पिल्लांच्या थव्याची राखण करते. काठच गेला तर घरटं कुठं करायचं?

हे कळणारा माणूस, म्हणजे परिसंस्थेचा अभ्यासक, सरकारी कार्यक्रमात येतो तो कंत्राटावर, बहुतेकदा अकरा महिन्यांच्या. समजा, ऑर्डर ऑक्टोबरात निघाली. पाणवनस्पती बहराच्या शेवटाला आलेल्या असतात, हिवाळ्यात पक्षी मोजून होतात, एप्रिल-मेमध्ये गाळ निघतो. काय उगवलं आणि काय बुडालं, हे दाखवणारा पावसाळा पुरता सरायच्या आत मुदत संपते. त्याचा बराच वेळ तसाही प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि उपयोगिता प्रमाणपत्रांत (निधी कसा खर्च झाला याच्या दाखल्यांत) जातो. ते काम मला कमी प्रतीचं वाटत नाही. 'काठालगतचा पट्टा खोदू नये' ही एक ओळ अंदाजपत्रकात घालणं हे शोधनिबंधाहून जास्त उपयोगाचं आहे.

तात्पुरती नेमणूक मुळात वाईट नव्हे. संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेत १९७० च्या एका कायद्याखाली विद्यापीठांतले शास्त्रज्ञ एक-दोन वर्षांसाठी येतात, फार तर चार. मूळ नोकरी शाबूत असते. ते प्रस्तावांसाठी परीक्षक निवडतात, निधीची शिफारस करतात. स्वतःच्या विद्यापीठाचा प्रस्ताव मात्र हाताळायचा नाही. माणसं बदलतात, पण १९८० साली सुरू झालेला परिसंस्थांचा दीर्घकालीन अभ्यास चालूच आहे, कारण तिथला निधी सहा-सहा वर्षांच्या टप्प्यांनी मिळतो.

आपल्याकडे नोंद ठेवायला जागा आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाच्या समितीनं करायची लोकजैवविविधता नोंदवही. एकदा भरून कपाटात न ठेवता दर पावसाळ्यात तिच्यात तलावाचं एक पान वाढलं, तर नव्या ऑर्डरवर येणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. मरळीची पिल्लं यंदा कोणत्या काठाला दिसली, हे मासेमारी करणाऱ्या ढिवरांना विचारलं की कळतं. विचारायला जायचं ते आषाढ-श्रावणात.