कला-इतिहास : पदवीचा अभ्यासक्रम

चित्रे, शिल्पे, वास्तू, हस्तलिखिते, कापड, छायाचित्रे अशा दृश्य वस्तू कोणी, केव्हा, कशासाठी आणि कोणत्या हातोटीने घडवल्या, याचा अभ्यास म्हणजे कला-इतिहास. बारावीनंतर हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवता येते. इंग्लंडमध्ये ती साधारणपणे तीन वर्षांची बी.ए. असते, स्कॉटलंड व अमेरिकेत चार वर्षांची. भारतात ती बहुधा दृश्यकला विद्याशाखेतली चार वर्षांची बी.व्ही.ए. किंवा बी.एफ.ए. असते. या अभ्यासक्रमाचा हेतू चित्रकार घडवण्याचा नाही, आणि सनावळ्या पाठ करून घेण्याचा तर मुळीच नाही. वस्तूखालची पाटी वाचण्याआधी वस्तू पुरेसा वेळ पाहायची, पाहिलेले शब्दांत मांडायचे आणि मग ग्रंथांकडे वळायचे, ही शिस्त तो लावतो. बाकी सगळा विषय या शिस्तीवर उभा आहे.

वर्गात काय चालते

सुरुवातीचा स्वाध्याय वर्णनाचा असतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा फार अवघड आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातले (लेणे क्र. १६) रावणानुग्रहाचे शिल्प घेऊ. नवखा विद्यार्थी लगेच कथा सांगू लागतो : रावणाने कैलास हलवला, शिवाने पायाच्या अंगठ्याने तो दाबून धरला. ही कथा शिल्प न पाहताही सांगता येते. शिल्पात दिसते ते वेगळेच. खाली खोल पोकळीत रावण मागच्या खडकापासून जवळजवळ सुटा कोरलेला आहे, त्याचे अनेक हात चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले आहेत आणि त्याच्याभोवती दाट सावली आहे. वर शिव निवांत बसला आहे. पार्वती मागे कलून त्याचा दंड घट्ट धरते आहे. तिच्यामागची दासी पळत सुटली आहे. म्हणजे डोंगर हलल्याचे आपल्याला डोंगरावरून कळत नाही, दोन बायकांच्या अंगातून कळते. शिव मात्र हललेलाच नाही. एवढे लिहून झाले की शिक्षक पुढचा प्रश्न टाकतात : खालचा काळोख खडक खोल कोरल्यामुळे आपोआप आला, की तो यावा म्हणूनच खडक तेवढा खोल कोरला?

मग तुलना येते. हाच प्रसंग घारापुरीच्या मुख्य लेण्यातही आहे. ते लेणे साधारण सहाव्या शतकातले, तर कैलास आठव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडला जाणारा. घारापुरीचे शिल्प बरेच भंगले आहे. त्यामुळे तिथे काय दिसते, काय दिसत नाही आणि न दिसणाऱ्या भागाबद्दल किती बोलायचे, याचाही निर्णय विद्यार्थ्याला करावा लागतो. भंगलेल्या मूर्तीपुढे मनातले चित्र पुरे करून टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरायला शिकणे हा या शिक्षणातला फार मोलाचा भाग आहे.

दोन प्रतिमा शेजारी ठेवून शिकवण्याची ही पद्धत रुजवण्यात स्विस कला-इतिहासकार हाइनरिख व्योल्फलिन यांचा मोठा वाटा आहे. १९०१ मध्ये ते बर्लिनला प्राध्यापक झाले. त्यांच्या व्याख्यानांत दोन प्रोजेक्टरवर दोन चित्रे एकाच वेळी दिसत आणि विद्यार्थी आपसूकच फरक शोधू लागत. पुढे ३५ मिमीच्या स्लाइडने हीच पद्धत जगभर नेली. आता स्लाइडच्या पेट्या कपाटात गेल्या आणि पीपीटी आली. पडद्याचा जुना दोष मात्र तसाच आहे : पडदा सगळ्यांना एकाच मापाचे करतो. ‘मोना लिसा’ जेमतेम ७७ × ५३ सेंमीची आणि पिकासोचे ‘गेर्निका’ पावणेआठ मीटर रुंद, पण वर्गात दोन्ही सारख्याच भिंतीवर तेवढीच दिसतात. हातात धरून, डोळ्यांजवळ आणून पाहण्यासाठी काढलेले पहाडी लघुचित्र आणि चालत चालत पाहायची अजिंठ्याची भिंत यांचेही तेच होते. म्हणून अभ्याससहल हा इथे हौसेचा भाग मानत नाहीत. प्रत्यक्ष वस्तूपुढे उभे न राहता मिळालेली कला-इतिहासाची पदवी अर्धीच म्हणावी लागेल.

वरच्या वर्षांत पद्धतींचे पेपर येतात. शैलीवरून काळ आणि प्रदेश ओळखणे, हातांतली आयुधे व मुद्रा यांवरून मूर्ती ओळखणे (प्रतिमाविद्या), चित्राचा पैसा कोणी दिला आणि ते कोणासाठी काढले याचा शोध घेणे, हे त्यांतले मुख्य. कला-इतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी १९३९ मध्ये मांडलेल्या अर्थाच्या तीन पातळ्या, म्हणजे आधी नुसते दिसणारे, मग परंपरेने ठरलेले, मग त्या काळाच्या मनात खोल असलेले, आजही शिकवल्या जातात. थोर स्त्री-कलावंत इतिहासात का दिसत नाहीत, हा अमेरिकन कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ मध्ये विचारलेला प्रश्नही शिकवला जातो. तो प्रश्न गुणांचा नसून नग्न मॉडेलवरून रेखाटनाचे शिक्षण बायकांना नाकारले गेल्याचा आहे, हे त्यांचे उत्तर ऐकताना वर्ग शांत होतो. भारतीय अभ्यासक्रमात विष्णुधर्मोत्तर पुराणातले चित्रसूत्र असते. त्यात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती कशी करावी हे विचारतो. ऋषी सांगतात, आधी चित्र जाणले पाहिजे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत. शाखांच्या भिंती घालून शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला हा संवाद पहिल्याच वर्षी ऐकवायला हवा.

विषय विद्यापीठात कसा आला

चित्रसंग्रहालयाचे संचालक असलेले गुस्ताव्ह वागेन १८४४ मध्ये बर्लिन विद्यापीठात कला-इतिहासाचे प्राध्यापक झाले. १८५२ मध्ये व्हिएन्नात असेच पद निर्माण झाले. संग्रहालयातला माणूस वर्गात आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा विषय पुस्तकांतून नव्हे, वस्तूंच्या सहवासातून जन्मला. ऑक्सफर्डला १८६९ मध्ये कलेच्या स्लेड अध्यासनावर (प्राध्यापकपदावर) समीक्षक जॉन रस्किन निवडून आले, तर हार्वर्डला १८७४ पासून चार्ल्स एलियट नॉर्टन शिकवू लागले. कला-इतिहास शिकवणारी लंडनची कोर्टोल्ड संस्था १९३२ ची.

भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९२१ मध्ये भारतीय कलेचे बागेश्वरी अध्यासन चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांना दिले. त्याच सुमारास ऑस्ट्रियाच्या कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश शांतिनिकेतनला आल्या आणि १९१९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या कलाभवन या कलाशाळेत त्यांनी युरोपीय कलेवर व्याख्याने दिली. पुढे त्या १९५० पर्यंत कलकत्ता विद्यापीठात भारतीय कला शिकवत होत्या.

बडोदा

पदवीच्या पातळीवर या विषयाला भारतात भक्कम घर मिळाले ते बडोद्यात. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. हंसा मेहता कुलगुरू होत्या. लगोलग ललितकला विद्याशाखा सुरू झाली. चित्रकलेला ना. श्री. बेंद्रे आणि शिल्पकलेला शंखो चौधुरी होते. शांतिनिकेतनचे संस्कार घेऊन के. जी. सुब्रमण्यन आले. कला-इतिहास व सौंदर्यशास्त्र विभागाची धुरा रतन परिमू यांनी १९६६ पासून अडीच दशके सांभाळली, आणि चित्रकार गुलाममोहम्मद शेख तिथे कला-इतिहास शिकवत. स्वतः चित्र काढणारा माणूस इतिहास शिकवतो आणि इतिहासाचा विद्यार्थी शेजारच्या स्टुडिओत ओला रंग पाहतो, हे बडोद्याचे वैशिष्ट्य. इतिहास विभागातल्या एखाद्या खोलीत हा विषय शिकवला असता तर हे घडले नसते.

गायकवाडांच्या राजधानीत याची जमीन आधीच तयार होती. राजा रविवर्म्याची चित्रे सयाजीरावांनी करवून घेतली होती, आणि कमाटीबागेतले संग्रहालय १८९४ पासून उभे आहे. बडोद्याजवळ अकोट्याला १९५१ मध्ये सापडलेल्या जैन धातुमूर्ती तिथेच आहेत. त्यांतली चामरधारिणी विभागातल्या मुलांना जाता-येता पाहता येते. इतक्या जवळ इतकी सुंदर मूर्ती असणे हे विद्यार्थ्याचे भाग्यच.

याच विभागाची एक कसोटी मे २००७ मध्ये लागली. एका विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवरून बाहेरच्या लोकांनी गोंधळ घातला आणि विद्यार्थ्याला अटक झाली. तेव्हा कला-इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विभागाच्या संग्रहातल्या प्रतिमा काढून भारतीय कलेतल्या शृंगारपरंपरेचे प्रदर्शन लावले. ते बंद करायला नकार देणारे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. घोषणेला घोषणेने नव्हे, पुराव्याने उत्तर देण्याची बुद्धी त्या मुलांना झाली, ती त्यांच्या शिक्षणातून आली होती.

महाराष्ट्र

अजिंठा व वेरूळ १९८३ मध्ये आणि घारापुरी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. ती ज्या राज्यात आहेत तिथल्या बहुतेक कला महाविद्यालयांत कला-इतिहास हा ‘थिअरीचा पेपर’ म्हणून ओळखला जातो. प्रॅक्टिकल संपले की परीक्षेआधी नोट्स काढून उरकायचा तो विषय. हे खरोखर वाईट आहे. कारण सुरुवात अशी नव्हती. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर १८७२ पासून अजिंठ्याला जात आणि भिंतीवरल्या चित्रांच्या नकला करत. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी कित्येक १८८५ च्या आगीत जळाल्या. पण बोटांनी रेषा गिरवत केलेला तो कला-इतिहासाचाच अभ्यास होता. मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयात प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय बी.ए.ला घेता येतो आणि त्यात शिल्प व वास्तू येतात. ज्याला बडोदा किंवा शांतिनिकेतन गाठता येत नाही, त्याला हा एक चांगला मार्ग आहे.

पदवीनंतर

‘हे शिकून करणार काय?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि तो फक्त आपल्याकडेच विचारला जातो असे नाही. जानेवारी २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या भाषणात अध्यक्ष ओबामा कुशल कारागिरीची महती सांगताना म्हणाले, की कला-इतिहासाच्या पदवीपेक्षा त्यात जास्त कमाई होऊ शकते. टेक्सासच्या एका प्राध्यापिकेने पत्र लिहिल्यावर त्यांनी स्वहस्ते माफीचे उत्तर धाडले. ब्रिटनमध्ये २०१६ साली शाळेतली ए-लेव्हलची (आपल्या बारावीसारखी) कला-इतिहासाची परीक्षाच बंद व्हायला आली होती. विरोध झाल्यावर दुसऱ्या परीक्षा मंडळाने ती घेतली. हा श्रीमंतांच्या मुलांचा विषय, असा समज तिथे आहे.

कामे आहेत, पण पदवीवर थांबून भागत नाही. संग्रहालये, गॅलरी, लिलावसंस्था, कलाविषयक प्रकाशने, संग्रहांची नोंदणी, अध्यापन यांसाठी बहुतेकांना पुढे एम.ए. करावे लागते. अध्यापनासाठीच्या यूजीसी-नेट या पात्रता परीक्षेत कला-इतिहास दृश्यकला या विषयात येतो. संग्रहालयशास्त्राचा बडोद्यातला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५२ पासूनचा आहे.

शेवटच्या वर्षाला प्रबंधिका, म्हणजे छोटा शोधनिबंध, असते. मराठी मुलांसाठी तिचे विषय दाराशी पडले आहेत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत, कोकणात पिंगुळीला चित्रकथींच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्यांच्या, पोथ्या आहेत, गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवळांच्या भिंतींवर कावी आहे. कावी म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर देऊन तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा चुना उघडा करणे. जीर्णोद्धारात अशा भिंतींवर टाइल्स बसतात किंवा ऑइल पेंट चढतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा विद्यार्थी तिथे टेप, कॅमेरा आणि वही घेऊन दोन दिवस बसला, प्रत्येक पट्टीची रुंदी मोजली, कुठली रेघ परकाराने मारली आणि कुठली मोकळ्या हाताने हे टिपले, देवळाच्या जुन्या पुजाऱ्यांशी आणि गवंड्यांशी बोलला, तर पुढच्या वर्षी ती भिंत नसली तरी तिची नोंद त्याच्या प्रबंधिकेत राहते.