शून्य होम रन आणि त्रेचाळीस होम रन

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोवेल नावाचं जुनं गिरणगाव आहे. तिथल्या बेसबॉल संघाचं नावही सूतकताईवरूनच पडलेलं, लोवेल स्पिनर्स. २०१२ च्या उन्हाळ्यात या संघाकडून मुकी बेट्स नावाचा एकोणीस वर्षांचा, जेमतेम पावणेसहा फुटी मुलगा ७१ सामने खेळला. त्याचे होम रन (आपल्या षटकारासारखे, चेंडू कुंपणापार नेणारे फटके): शून्य.

त्याआधी सात वर्षं, २००५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रँचो कुकामाँगा संघाकडून वीस वर्षांच्या ब्रँडन वुडने एका मोसमात ४३ होम रन ठोकले होते. पुढच्या वर्षी देशातल्या होतकरू खेळाडूंच्या याद्यांमध्ये तो अगदी वरच्या काही नावांत होता.

दोघेही मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, पोहोचले. वुड तिथे २७२ सामने खेळला आणि ०.१८६ च्या सरासरीवर त्याची कारकीर्द आटोपली. बेट्स २०१८ मध्ये ०.३४६ च्या सरासरीने आणि ३२ होम रनसह अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग जे आकडे सगळ्यांसमोर होते, ते चुकीचे होते का? आकडे बरोबरच होते. वाचायचे आकडे वेगळे होते.

आधी व्यवस्था थोडक्यात. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली आज मायनर लीगचे चार मुख्य संघ असतात, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याखाली अगदी नवख्यांचे संघ वेगळे. आपल्या क्लब क्रिकेटपासून रणजीपर्यंतच्या पायऱ्यांसारखंच हे आहे, फक्त पायऱ्या जास्त आणि खेळाडूचा मालक एकच. कोणाला वर चढवायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे ठरवणं हा या मालकांचा मोठा खर्चिक जुगार.

पूर्वीपासून हे काम स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक करत आले. मैदानाच्या कडेला बसायचं, सराव बघायचा, बॅटवर चेंडू बसतानाचा आवाज ऐकायचा आणि २० ते ८० या मापावर गुण द्यायचे. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू, ८० म्हणजे पिढीत एखादाच. प्रत्येक गुणासाठी दोन आकडे लिहायचे, आजचा आणि उद्याचा. धावण्याचा वेग घड्याळावर मोजता येतो, फेकीची ताकद डोळ्यांना दिसते. ‘चेंडू बॅटवर घेण्याची कला’ या रकान्याशी मात्र भलेभले स्काउट अडखळतात.

कारण तिथे सगळ्यात सोपा आकडा सगळ्यात जास्त फसवतो. क्रिकेटमध्ये सरासरी म्हणजे दर बादमागे धावा. बेसबॉलमध्ये ती म्हणजे प्रयत्नांपैकी किती वेळा हिट मिळाला, म्हणजे फटका मारून सुखरूप बेसवर (धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर) पोहोचता आलं. दहात तीन वेळा, म्हणजे ०.३००, जमलं तरी माणूस स्टार. लोवेलमध्ये बेट्सने २५१ प्रयत्नांत ६७ हिट मिळवले, सरासरी ०.२६७.

आता गंमत बघा. एखाद्याची खरी कुवत ०.२७० आहे असं धरू. नाणं शंभरदा उडवलं तर नेमके पन्नास छापे पडत नाहीत, तसंच २५० प्रयत्नांत त्याचे हिट ठरावीक येत नाहीत. संख्याशास्त्रातलं साधं सूत्र लावलं तर प्रमाण विचलन निघतं सात हिटचं. म्हणजे केवळ योगायोगाने सात हिट वर किंवा खाली होणं अगदी मामुली. त्या अडीच महिन्यांच्या मोसमात दर दहा-अकरा दिवसांनी एक हिट इकडचा तिकडे झाला, की तोच मुलगा ०.२९८ चा हिरो किंवा ०.२४२ चा वाया गेलेला दिसतो. एक फटका क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला, दुसरा त्याच्या दोन हात बाजूने निघून गेला, एवढ्यावर हे चालतं.

म्हणून विश्लेषक एक पायरी मागे जातात आणि फटक्याच्या निकालाऐवजी फटक्याआधीचा निर्णय बघतात. पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) चबुतरा होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजापाशी असलेल्या पाटीपासून, १८.४४ मीटरवर असतो. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर १७ मीटरच्या आसपास उरतं. ताशी १५३ किलोमीटरचा चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायला त्यातले ०.१५ सेकंद जातात. उरलेल्या पाव सेकंदात चेंडू ओळखायचा, तो स्ट्राइक झोनमध्ये (फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीत) येणार की बाहेर जाणार हे ताडायचं आणि हात फिरवायचा की आवरायचा हे ठरवायचं. ज्या चेंडूवर बॅट फिरते तो चेंडू फलंदाजाने खऱ्या अर्थाने अर्धाच पाहिलेला असतो. बाकीचा अर्धा त्याच्या मेंदूने रचलेला.

बेट्सने स्वतः सांगितलेली एक आठवण इथे फार बोलकी आहे. तो शाळेत असताना मेजर लीगमधल्या बॉस्टन रेड सॉक्स संघाच्या स्काउटने त्याला संगणकापुढे बसवलं. पडद्यावर चेंडू यायचा. शिवण एका दिशेला असेल तर स्पेसबार दाबायचा, दुसऱ्या दिशेला असेल तर हात आवरायचा. याचा बेसबॉलशी काय संबंध, हे त्या पोराला कळेना. पण मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत अशी ‘दाबा किंवा थांबा’ चाचणी जुनीच आहे. तिच्यात वेगाइतकंच थांबता येणंही मोजलं जातं. त्याचे गुण चांगले आले असावेत, कारण रेड सॉक्सने २०११ मध्ये नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) पाचव्या फेरीत त्याला निवडलं. लोवेल हा त्यांच्याच हाताखालचा संघ.

मैदानावर याच क्षमतेची सावली दोन साध्या आकड्यांत पडते. स्ट्राइकआऊट म्हणजे तीन स्ट्राइक (हुकलेले फटके किंवा झोनमधले सोडून दिलेले चेंडू) होऊन बाद. वॉक म्हणजे झोनबाहेरचे चार चेंडू सोडून फुकट पहिला बेस मिळवणं. लोवेलमध्ये बेट्सचे ३२ वॉक होते आणि ३० स्ट्राइकआऊट. स्ट्राइकआऊटपेक्षा वॉक जास्त असणं कुठल्याही पातळीवर दुर्मीळ. शिवाय हे आकडे लवकर स्थिरावतात. स्ट्राइकआऊटच्या प्रमाणावर फलंदाजीच्या साठ-एक पाळ्यांनंतर बऱ्यापैकी विसंबता येतं, बॅटिंग सरासरीला मात्र सुमारे नऊशे प्रयत्न, म्हणजे जवळपास दोन मोसम लागतात. एका पाळीत साधारण चार चेंडू येतात आणि प्रत्येक चेंडू हा एक निर्णय असतो, म्हणून बेट्सच्या त्या होम रनशून्य उन्हाळ्यात खरं तर हजाराहून जास्त निर्णयांची नोंद होती.

ताकदीचंही तसंच. होम रन मोजण्यापेक्षा बॅटवरून सुटताना चेंडूचा वेग किती, हे रडार आणि कॅमेऱ्यांनी मोजणं जास्त बोलकं. मेजर लीगच्या सगळ्या मैदानांत २०१५ पासून ही यंत्रणा आहे. एखाद्याने एकदाच का होईना, ताशी १७७ किलोमीटरचा फटका मारला, तर ती ताकद त्याच्या अंगात आहे. नशीब चेंडूला दिशा देऊ शकतं, वेग देऊ शकत नाही.

आता वुडकडे वळू. त्याचे ४३ होम रन खरेच होते, पण कुठे मारले तेही बघायला हवं. कॅलिफोर्निया लीगमधली लँकेस्टर आणि अ‍ॅडेलांटोसारखी मैदानं मोहावी वाळवंटाच्या उंच, कोरड्या, वाऱ्याच्या टापूत होती आणि फलंदाजांना फळत. पुढे तो ट्रिपल-एला सॉल्ट लेक सिटीत खेळला. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे आणि तिथली हवा दहा-बारा टक्के विरळ. विरळ हवेत चेंडूला अडवणारं कमी, म्हणून फटका लांब जातो. आणि वक्र चेंडू वळतोही कमी, म्हणजे पिचरचं हत्यारच बोथट. हे लक्षात घेऊन विश्लेषक प्रत्येक मैदानासाठी आकड्यांत दुरुस्ती करतात.

पातळीचा मुद्दा मात्र दुरुस्तीने सुटत नाही. खालच्या लीगमधले पिचर वेगवान असतात, पण चेंडू हवा तिथे टाकता येत नाही. वळणारा चेंडू हुकमी झोनमध्ये टाकणारे पिचर डबल-एपासून भेटतात. हे मायकल जॉर्डनने साऱ्या जगासमोर दाखवून दिलं. बास्केटबॉल सोडून १९९४ मध्ये तो बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल-ए खेळला. सुरुवातीला सलग १३ सामन्यांत हिट मिळवले, मग पिचरनी वळणारे चेंडू टाकायला सुरुवात केली. मोसमाअखेर सरासरी ०.२०२, स्ट्राइकआऊट ११४. लोक त्याला हसले. मला उलट वाटतं: पोरवयानंतर बॅट हातात न धरलेल्या एकतीस वर्षांच्या माणसाने त्या पातळीवर ५१ वॉक मिळवले, हे थक्क करणारं आहे. पण एकतिसाव्या वर्षी तिथे असणं आणि एकोणिसाव्या वर्षी असणं यात मोठा फरक. डबल-एमधले बहुतेक खेळाडू तेवीस-चोविशीचे. हुआन सोटो तिथे जेमतेम आठ सामने खेळून मे २०१८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी थेट मेजर लीगमध्ये गेला. स्काउट लोक म्हणूनच आकड्याआधी जन्मतारीख बघतात.

वुडला २०१० मध्ये मेजर लीगमध्ये नियमित संधी मिळाली. ७१ स्ट्राइकआऊट, ६ वॉक, सरासरी ०.१४६.

इतकं सगळं सांगून झाल्यावर एक कबुली द्यायला हवी. मी ही दोन नावं निकाल माहीत असताना निवडली आहेत. वॉक भरपूर आणि स्ट्राइकआऊट कमी असलेली, तरीही ट्रिपल-एच्या पुढे कधी न गेलेली पोरं शेकड्यांनी सापडतील, कारण नुसती नजर चेंडू कुंपणापार नेत नाही. वुड पहिल्या फेरीत निवडला गेला होता, वय वीस, लीगमधल्या बहुतेकांपेक्षा लहान, त्यात ४३ होम रन. २००६ च्या जानेवारीत माझ्यापुढे कागद ठेवला असता तर मीही त्याच्याच नावावर बोट ठेवलं असतं.

आणि २०१२ च्या सप्टेंबरात बेट्सवर? बहुधा नाही. तेव्हा देशातल्या पहिल्या शंभर होतकरूंच्या यादीतही तो नव्हता. पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलमध्ये, रेड सॉक्सच्या दुसऱ्या एका मायनर लीग संघात, सुरुवातीचे आठवडे त्याची बॅट मुकीच राहिली. मोसम संपला तेव्हा दोन संघांकडून मिळून ८१ वॉक, ५७ स्ट्राइकआऊट झाले होते, आणि १५ होम रन.