कपड्यांवरून केलेला स्पर्शही गुन्हाच

‘कपड्यांवरून हात लावला असेल तर पोक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) लागत नाही’, असे नागपुरात आजही काही पालक एकमेकांना सांगतात. या समजाचे मूळ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिलेल्या निकालात आहे. त्वचेचा त्वचेशी थेट संपर्क झालेला नसल्याने ते कृत्य या कायद्याखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, असे त्यात म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्दच केला. पहिली बातमी घरोघरी पोचली, दुसरीची मात्र तेवढी चर्चा झाली नाही.

पोक्सोच्या कलम ७ मध्ये महत्त्व आहे ते स्पर्शामागच्या लैंगिक हेतूला, मध्ये कापड होते की नाही याला नव्हे; शिक्षा ३ ते ५ वर्षे कैदेची आहे. म्हणून शिकवणीहून परतलेली मुलगी ‘सरांनी फ्रॉकवरून हात फिरवला’ असे सांगत असेल, तर ‘एवढंच ना?’ म्हणून विषय मिटवू नये, आणि खोदून खोदून विचारूही नये. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो. पोलिसांनी जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, गणवेश न घालता घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलग्यांनाही हेच संरक्षण आहे.